तार गिटारची, स्वर सिंथेसायझरचा

'क्वीन' या ब्रिटिश रॉक बँडचा पहिला आल्बम १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याच्या वेष्टनावर एक छोटी टीप आवर्जून छापलेली होती. या ध्वनिमुद्रणात कोणीही सिंथेसायझर वाजवलेला नाही, असा तिचा आशय होता. गिटारवादक ब्रायन मे यांनी आपल्या वाद्याचे एकावर एक इतके थर चढवले होते, की हा नाद केवळ तारेतून निघाला आहे यावर ऐकणाऱ्याचा विश्वास बसणे अवघड होते. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेले गायक फ्रेडी मर्क्युरी आणि त्यांचे सहकारी यांनी सिंथेसायझरला दूर ठेवण्याचा हा बाणा १९८० मधील 'द गेम' या आल्बमपर्यंत सोडला नाही.

आज अनेक गिटारवादकांची इच्छा नेमकी उलट असते. आपल्या गिटारमधून जुन्या ॲनालॉग सिंथेसायझरसारखा भरदार, हळूहळू उमलणारा स्वर निघावा, असे त्यांना वाटते. त्यासाठी पायाशी ठेवायच्या छोट्या पेट्या, म्हणजेच 'इफेक्ट पेडल', एकामागून एक विकत घेतली जातात. मात्र, ती कोणत्या कामासाठी आहेत आणि कोणत्या क्रमाने जोडायची हे ठाऊक नसेल, तर पैसे खर्च होऊनही हाती केवळ घरघर आणि शिट्ट्या येतात. वास्तविक सिंथेसायझर आतून कसा चालतो हे एकदा समजून घेतले, तर तीन-चार साध्या पेडलांतही बरेच काही साधता येते. आणि जे साधत नाही, ते का साधत नाही याचाही उलगडा होतो.

सिंथेसायझरची तीन दालने

अमेरिकी अभियंता रॉबर्ट मूग यांनी १९६४ मध्ये संगीतकार हर्बर्ट डॉइच यांच्या सहकार्याने आपल्या सिंथेसायझरचा पहिला नमुना तयार केला. पुढे १९७० मध्ये आलेल्या 'मिनिमूग'मुळे हे यंत्र प्रयोगशाळेतून रंगमंचावर आले. या यंत्रांची रचना गुंतागुंतीची वाटली, तरी तिच्या मुळाशी तीन दालने आहेत. पहिल्या दालनात 'ऑसिलेटर' हा विद्युत्-मंडलाचा भाग अखंड स्वर निर्माण करतो. दुसऱ्यात 'फिल्टर' ही गाळणी त्या स्वरातील नको असलेला भाग काढून टाकते. तिसऱ्यात 'ॲम्प्लिफायर' त्याची पातळी ठरवतो, म्हणजे स्वर किती वेगाने चढणार, किती काळ टिकणार आणि कसा विरणार हे तेथे निश्चित होते.

येथे 'अखंड' हा शब्द महत्त्वाचा आहे. आपल्याकडील वाद्यांतून उदाहरण द्यायचे, तर ऑसिलेटर हा पेटीच्या स्वरासारखा असतो. भाता चालू आहे तोवर स्वर सारख्याच जोराने टिकतो. गिटार मात्र सतारीच्या जातकुळीतली आहे. तार छेडली त्या क्षणी स्वर सर्वांत मोठा असतो आणि पुढच्या क्षणापासून तो विरू लागतो. सतारीच्या कुळातील वाद्याला पेटीच्या कुळात नेणे आणि मग त्या स्वराला गाळणी लावणे, असे या साऱ्या खटाटोपाचे थोडक्यात वर्णन करता येईल.

फझ : तरंगाचा आकार बदलणारी पेटी

तानपुरा जुळला की न छेडलेला गंधार त्यातून ऐकू येतो, हे संगीतप्रेमींना माहीत आहे. कोणत्याही तारेच्या नादात मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट वारंवारितेचे सूक्ष्म स्वरही मिसळलेले असतात. भौतिकशास्त्र त्यांना 'संनादी' म्हणते. हा गंधार म्हणजे त्यांपैकी पाचवा. नादाचा रंग या संनादींच्या प्रमाणावर ठरतो. साध्या, स्वच्छ आवाजातील गिटारचा स्वर विरू लागला की त्यातील वरचे संनादी लवकर नाहीसे होतात. सिंथेसायझरच्या ऑसिलेटरमध्ये ते अखेरपर्यंत टिकून असतात. त्याचा 'करवती' तरंग सर्व संनादींनी भरलेला असतो, तर 'चौकोनी' तरंगात फक्त विषम संनादी असतात. म्हणजे ११० हर्ट्झच्या चौकोनी स्वरात ३३०, ५५० आणि ७७० हर्ट्झचे स्वर उतरत्या प्रमाणात सापडतात.

गिटारच्या तरंगाला या आकाराच्या जवळ नेण्याचे काम 'फझ' हे पेडल करते. ते गिटारचा क्षीण संकेत अनेक पटींनी वाढवते, इतका की ट्रान्झिस्टरची क्षमता संपते आणि तरंगाचे माथे व तळ सपाट कापले जातात. गोलसर तरंग जवळजवळ चौकोनी होतो. शिवाय, छेडलेला स्वर विरत चालला तरी तो बराच काळ या कापणीच्या मर्यादेच्या वरच राहतो. त्यामुळे बाहेर पडणारी पातळी फारशी घटत नाही. स्वराला पेटीसारखा टिकाव येतो तो येथे.

बाजारात गाजलेले पहिले फझ पेडल म्हणजे १९६२ मधील 'माएस्ट्रो फझ-टोन'. गिटारमधून ब्रास आणि तंतुवाद्यांसारखे आवाज काढता येतील, असा त्याच्या उत्पादकांचा दावा होता. म्हणजे गिटारने दुसऱ्या वाद्याचे सोंग घेण्याची कल्पना या पेडलाच्या जन्मापासूनचीच आहे. 'रोलिंग स्टोन्स'च्या कीथ रिचर्ड्‌स यांनी १९६५ मध्ये 'सॅटिस्फॅक्शन' या गाण्यात ते वापरले आणि त्याचे नाव सर्वतोमुखी झाले.

फझची एक मर्यादा प्रत्येक नवशिक्याला भोवते. एका वेळी एकच स्वर वाजवला तर तो उत्तम चालतो. दोन स्वर एकत्र दिले, की त्यांच्या वारंवारितांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे नवे स्वर तो आपणहून तयार करतो. ११० हर्ट्झचा षड्ज आणि सुमारे १६५ हर्ट्झचा पंचम एकत्र वाजवले, तर वजाबाकीचा स्वर ५५ हर्ट्झच्या आसपास येतो. तो षड्जाच्याच खालच्या सप्तकातला असल्याने कानाला खटकत नाही. मात्र तीन-चार स्वरांचा पूर्ण कॉर्ड दिला, की असे अनेक अनाहूत स्वर एकमेकांत मिसळतात आणि गोंगाट होतो. मिनिमूगही एका वेळी एकच स्वर वाजवू शकत असे, हे लक्षात घेतले तर हे बंधन फार जाचक वाटणार नाही.

खालचे सप्तक

मिनिमूगच्या जाडजूड स्वरामागचे रहस्य म्हणजे त्यात तीन ऑसिलेटर होते. त्यांपैकी एक खालच्या सप्तकात लावता येई, दुसरा किंचित बेसूर ठेवता येई. गिटारच्या बाबतीत पहिले काम 'ऑक्टेव्ह' पेडल करते. त्याची युक्ती अत्यंत साधी आहे. येणाऱ्या तरंगाच्या प्रत्येक आवर्तनाला आतील विद्युत्-मंडल आपली स्थिती एकदा बदलते. दोन आवर्तने झाली, की त्याचे एक आवर्तन पूर्ण होते. परिणामी वारंवारिता निम्मी, म्हणजेच स्वर एक सप्तक खाली. १९८२ मध्ये आलेले 'बॉस' कंपनीचे 'ओसी-२' हे या प्रकारचे गाजलेले पेडल होय.

ही मोजणी बिनचूक व्हायची तर आत येणारा स्वर शुद्ध हवा. दोन तारा एकदम वाजल्या किंवा वरचे संनादी प्रबळ झाले, की मोजणी चुकते आणि स्वर गुळण्या केल्यासारखा डळमळतो. म्हणूनच हे पेडल फझच्या आधी जोडण्याचा प्रघात आहे. गिटारच्या मानेजवळचा पिकअप निवडावा, टोनचे बटण बरेचसे खाली आणावे आणि पाचव्या-सातव्या फ्रेटच्या वर वाजवावे, या तीन गोष्टींनी मोठा फरक पडतो. गिटारची सर्वांत खालची मोकळी तार सुमारे ८२ हर्ट्झची असते. तिचे खालचे सप्तक ४१ हर्ट्झला, म्हणजे बेस गिटारच्या मोकळ्या तारेपाशी पोहोचते. घरगुती सरावाच्या छोट्या ॲम्पमधून तो स्वर धडपणे बाहेर पडत नाही. त्यासाठी बेसचा किंवा की-बोर्डचा ॲम्प वापरणे श्रेयस्कर.

किंचित बेसूर अशा दुसऱ्या ऑसिलेटरचा भास 'कोरस' पेडल देते. ते मूळ स्वराची एक प्रत अत्यल्प विलंबाने आणि हेलकावे देत परत मिसळते. रोलँडच्या १९८२ मधील 'जुनो-६०' या सिंथेसायझरमध्ये प्रत्येक स्वरासाठी एकच ऑसिलेटर होता. त्याचा स्वर भरदार वाटे, तो बराचसा आतच बसवलेल्या कोरसमुळे.

गाळणी आणि तिची उघडझाप

सिंथेसायझरची खरी ओळख मात्र फिल्टरमध्ये आहे. 'लो-पास' फिल्टर ठरावीक मर्यादेखालचे स्वर जाऊ देतो आणि वरचे अडवतो. मूग यांच्या प्रसिद्ध फिल्टरमध्ये ही घट प्रत्येक सप्तकामागे २४ डेसिबल असते. मर्यादेच्या वर एकेक सप्तक चढताना स्वराची उंची जवळजवळ सोळाव्या हिश्श्यावर येत जाते, इतका तो उतार तीव्र आहे. त्यातच 'रेझोनन्स' वाढवला, की मर्यादेजवळचे संनादी उठून दिसतात आणि ही मर्यादा सरकवली असता 'वाऽव' असा उच्चार ऐकू येतो. गिटारवादकांच्या परिचयाचे वाह-वाह पेडल हे याच कुटुंबातले. फरक इतकाच, की त्यात वारंवारितेचा एक पट्टा उचलून धरला जातो आणि खालचा भरदारपणा काहीसा कमी होतो. त्यामुळे सिंथेसायझरच्या स्वरासाठी खराखुरा लो-पास फिल्टर असलेले पेडल अधिक उपयुक्त ठरते. मूग यांनी १९९८ मध्ये 'मूगरफूगर' मालिकेत असे पेडल आणले होते.

सिंथेसायझरमध्ये कळ दाबताच ही गाळणी आपोआप उघडते आणि मिटते. गिटारसाठी हेच काम 'एन्व्हलप फिल्टर' करतो. तार जोरात छेडली तर गाळणी जास्त उघडते, हळू छेडली तर कमी. १९७२ मध्ये माइक बायगेल यांनी घडवलेले 'म्यू-ट्रॉन ३' हे या जातीचे आद्य पेडल. स्टीव्ही वंडर यांनी १९७३ च्या 'हायर ग्राउंड'मध्ये आपला क्लॅव्हिनेट त्यातूनच वाजवला.

खरा पेच : आवाज आणि हुकूम

येथवर सारे सरळ वाटते. ऑसिलेटरच्या जागी फझ व ऑक्टेव्ह, गाळणीच्या जागी एन्व्हलप फिल्टर. परंतु ही साखळी जोडून पाहणाऱ्याच्या लक्षात येते, की गाळणी उघडून तशीच राहते, तिची उघडझाप होतच नाही.

याचे कारण सिंथेसायझर आणि गिटार यांच्यातील मूलभूत भेदात आहे. मिनिमूगसारख्या यंत्रात कळ स्वतः आवाज करत नाही, ती केवळ हुकूम सोडते. कोणता स्वर हवा हे सांगणारा दाब एका वाटेने जातो, सप्तकाला एक व्होल्ट या हिशेबाने. कळ दाबली वा सोडली हे दुसऱ्या वाटेने कळते. आवाजाची वाट तिसरीच असते. गिटारमध्ये या तिन्ही गोष्टी एकाच केबलमधून येतात. जो आवाज, तोच हुकूम. फिल्टरला वर-खाली होण्यासाठी छेडण्याचा चढउतार हवा असतो, पण फझने तो चढउतार आधीच सपाट करून टाकलेला असतो. फिल्टर फझच्या आधी जोडला, तर त्याला हुकूम नीट मिळतो. पण गाळण्याजोगे संनादी त्यात पुरेसे नसतात आणि पुढचा फझ त्याच्या कामावर बोळा फिरवतो.

या पेचातून बाहेर पडण्याच्या वाटा अनेकांनी शोधल्या. सर्वांत स्वस्त वाट म्हणजे गाळणी पायाने चालवणे. फझनंतर वाह किंवा बाहेरून नियंत्रित होणारा फिल्टर जोडावा आणि उघडझाप पायाच्या लयीवर सोपवावी. दुसरी वाट म्हणजे 'ट्रिगर' वा 'साइडचेन' अशी वेगळी जोडणी असलेला फिल्टर घेणे. त्यात गिटारचा मूळ संकेत हुकमासाठी आणि फझमधून आलेला संकेत आवाजासाठी, असे दोन प्रवाह करता येतात.

न्यूयॉर्कच्या 'इलेक्ट्रो-हार्मोनिक्स'ने १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात काढलेल्या 'मायक्रो सिंथेसायझर'मध्ये ही विभागणी पेटीतच केलेली आहे. मूळ गिटार, खालचे सप्तक, वरचे सप्तक आणि चौकोनी तरंग असे चार आवाज हव्या त्या प्रमाणात मिसळायचे. गाळणी कोठून सुरू होऊन कोठे थांबणार आणि किती वेगाने सरकणार, हे सरकत्या दांड्यांनी ठरवायचे. तार छेडली गेल्याची वर्दी मात्र मूळ गिटारकडून घ्यायची, अशी त्याची मांडणी आहे.

सहा तारा, सहा वाटा

एकाच वेळी अनेक स्वर वाजवण्याचा प्रश्न यानेही सुटत नाही. त्यासाठी रोलँडने १९७७ मध्ये 'जीआर-५००' ही प्रणाली आणली. तिच्या गिटारवर प्रत्येक तारेसाठी स्वतंत्र पिकअप होता. त्याच वर्षी अमेरिकेतील 'एआरपी' या मातब्बर कंपनीने 'अवतार' नावाचा गिटार सिंथेसायझर बाजारात उतरवला. तो चालला नाही आणि १९८१ मध्ये कंपनीच बंद पडली. तिच्या ऱ्हासाच्या कारणांत या यंत्रावरील खर्चाचा उल्लेख नेहमी होतो. रोलँडला यश मिळाले ते १९८० च्या 'जीआर-३००'मुळे. पॅट मेथेनी यांच्या १९८२ मधील 'ऑफरॅम्प' या आल्बममध्ये तुतारीसारखा चढत जाणारा जो स्वर ऐकू येतो, तो याच यंत्राचा.

आता संगणकीय चिपमुळे साध्या केबलमधूनही अनेक स्वर ओळखणे शक्य झाले आहे. बॉसच्या २०१९ मधील 'एसवाय-१' या छोट्या पेडलात १२१ तयार स्वर असून ते कॉर्डही वाजवते. सोय म्हणून ते उत्तमच आहे. तथापि, कोणते बटण कशासाठी आहे हे जुन्या साखळीचा उलगडा झालेल्याला अधिक चटकन कळते.

मुंबईतील गिटारवादक आणि चंदेरी पेटी

गिटार आणि सिंथेसायझर यांच्या देवाणघेवाणीतील एक लक्षणीय प्रकरण मुंबईत घडले. रोलँडची 'टीबी-३०३' ही चंदेरी पेटी १९८०च्या दशकाच्या आरंभी आली, ती बेस गिटारची साथ देणारे यंत्र म्हणून. प्रत्यक्षात तिचा स्वर बेस गिटारसारखा अजिबात वाटत नसे आणि १९८४ पर्यंत तिचे उत्पादन थांबले. हिंदी चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदात गिटार वाजवणारे चरणजित सिंग यांनी मात्र १९८२ मध्ये तीच पेटी 'टीआर-८०८' या तालयंत्राला आणि 'जुपिटर-८' या सिंथेसायझरला जोडली आणि भैरव, यमन अशा दहा रागांचा एक डिस्को आल्बम ध्वनिमुद्रित केला. त्या वेळी त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. १९८७ मध्ये शिकागोच्या 'फ्यूचर' या गटाच्या 'ॲसिड ट्रॅक्स'मुळे टीबी-३०३ चा स्वर जगभर गाजला. पुढे २०१० मध्ये चरणजित सिंग यांचा आल्बम पुन्हा प्रसिद्ध झाला, तेव्हा मुंबईत पाच वर्षे आधीच हे घडले होते, याचे पाश्चात्त्य रसिकांना नवल वाटले. चरणजित सिंग यांचे २०१५ मध्ये निधन झाले.

टीबी-३०३ मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती. रागदारीतील मींडेची पुसट छाया तिच्यातून उमटते. आज गिटारवर हा नाद हवा असेल तर रचना सोपी आहे : फझ, त्यामागे रेझोनन्स वाढवलेला लो-पास फिल्टर आणि स्वराची शेपटी झटकन कापणारा नॉइज गेट. मींड मात्र कोणत्याही बटणावाचून, बोटानेच घेता येते.

हाताची शिस्त

पेडलांची साखळी जुळली, तरी अर्धे काम हाताचे उरते. सिंथेसायझरमध्ये कळ सोडताच आवाज थांबतो. गिटारवर न वाजणाऱ्या पाच तारा तळव्याने व बोटांनी दाबून ठेवल्या नाहीत, तर फझ त्यांची कुजबुजही गर्जनेत बदलतो. प्रत्येक स्वराची अखेर ठरवून करावी लागते. छेडण्याचा जोरही सारखा ठेवावा लागतो. त्यासाठी साखळीच्या आरंभी कॉम्प्रेसर उपयोगी पडतो, पण एन्व्हलप फिल्टर वापरायचा असेल तर तो बेताने लावावा, अन्यथा फिल्टरला हवा असलेला चढउतार तोच गिळून टाकतो.

हळुवार उमलणाऱ्या स्वरासाठी पिकचा आघात लपवावा लागतो. व्हॉल्यूम पेडल खाली ठेवून तार छेडायची आणि मग पाय हलकेच दाबायचा. 'ई-बो' हे १९७६ पासून मिळणारे बॅटरीवरील छोटे साधन तर तारेला स्पर्श न करता तिला सतत कंप देते. पेटीचा भाताच तो. त्यापुढे कोरस आणि डिले जोडले, की फझशिवाय, पूर्ण कॉर्डसह तरंगता नाद मिळतो.

या सगळ्या कसरतीनंतर प्रश्न उरतो, की थेट की-बोर्डच का घेऊ नये? ज्याला दहा बोटांनी भरगच्च स्वरसंगती वाजवायची आहे, त्याने तो जरूर घ्यावा. मिनिमूगच्या कळांना मात्र बोटाचा जोर कळत नसे, हळू दाबली काय नि जोरात दाबली काय, स्वर तोच. गिटारच्या तारेला जोर कळतो, कंप कळतो, श्रुतीचा सूक्ष्म भेदही कळतो. एन्व्हलप फिल्टरची साखळी नीट जुळली, तर प्रत्येक छेडण्यासरशी गाळणी निराळ्या मापाने उघडते. आवाज आणि हुकूम एकाच वाटेने येण्याचा जो पेच आहे, त्याची ही दुसरी बाजू आहे. यंत्राचा स्वर गिटारवादकाच्या बोटाला उत्तर देतो, तो त्यामुळेच.

चौकट : पेडलांचा क्रम

* आरंभीची जोडणी : गिटार – कॉम्प्रेसर (बेताने) – ऑक्टेव्ह – फझ – लो-पास फिल्टर – नॉइज गेट – कोरस – डिले – ॲम्प.

* जाड बेससाठी : ऑक्टेव्ह पूर्ण, फझ मध्यम, फिल्टर बराचसा मिटलेला. एका वेळी एकच स्वर.

* टीबी-३०३ च्या धर्तीवर : फझ भरपूर, रेझोनन्स जास्त, गाळणी हाताने किंवा पायाने सावकाश सरकवावी. स्वर आखूड तोडावेत.

* तरंगत्या कॉर्डसाठी : फझ व ऑक्टेव्ह बंद. व्हॉल्यूम पेडल, कोरस आणि डिले पुरेसे.

* सर्व पेडले एकदम घेऊ नयेत. फझ आणि फिल्टर या जोडीपासून सुरुवात करावी. त्यांचा परस्परसंबंध कानाला उमगला, की पुढे काय हवे ते आपोआप कळते.